नवी डिस्क बसवली आणि कॉम्प्युटर उठेना

आज कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. "आमच्या गटात कुठला आलाय कॉम्प्युटर" म्हणून रेडिओ बंद करू नका. ग्रामसंघाच्या कार्यालयात तो असतो, मुलीच्या अभ्यासाला घेतलेला जुना घरात असतो, आणि आपल्या हप्त्यांचा, कर्जाचा हिशेब आता त्यातच चढतो.

आमच्या कार्यालयातला कॉम्प्युटर इतका संथ झाला होता, की बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, पिऊन व्हावा, तरी हा आपला घोंगावतोच आहे. आत जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यात चकती गरगर फिरते आणि एक दांडी तिच्यावरून माहिती वाचते. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मोबाइलच्या मेमरी कार्डासारख्या चिप असतात, म्हणून ती झटपट चालते. दुकानदाराने एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज टाकलं आणि जुनी डिस्कही आतच ठेवली. आठवडाभर झकास चाललं.

मग शहाणपणा मी केला. जुन्या डिस्कमध्ये गटांचे चार वर्षांचे हिशेब. म्हटलं, ती आत कशाला, कपाटात जपून ठेवू. वायर काढली, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: "नो बूटेबल डिव्हाइस". आणि परवा बँकेचे साहेब कर्जाच्या प्रस्तावासाठी येणार! अध्यक्ष मावशी तर डोक्याला हात लावून बसल्या.

त्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की सुरू व्हायला ज्या डिस्कची गरज आहे ती मला सापडत नाही. हिशेब पुसले गेले, असा त्याचा अर्थ नाही. हे तेव्हा मला माहीत असतं तर रात्रीची झोप गेली नसती.

घडलं होतं असं. जुनी डिस्क जोडलेली असताना नव्या डिस्कवर विंडोज टाकलं, तर विंडोज नव्या डिस्कवर जातं, पण ते सुरू करणारा छोटासा भाग पुष्कळदा जुन्या डिस्कवरचाच वापरला जातो. संसार नव्या घरात आणि किल्ली जुन्या घराच्या खुंटीला. मी खुंटीच काढून नेली होती. सकाळी वायर परत जोडली आणि कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला. पुढे जुनी डिस्क बाजूला काढून, एकटी एसएसडी जोडून विंडोज पुन्हा टाकून घ्यावं लागलं. म्हणून दुकानात आधीच सांगा: "विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा, नंतर जोडा." दुकानदार जरा चमकून बघेल. बघू दे.

सगळ्यांची अडचण हीच असेल असं नाही. पडद्यावर काहीच येत नसेल, नुसती बीप बीप वाजत असेल, तर पेटी उघडताना बहुधा रॅमची पट्टी हललेली असते. प्लग भिंतीतून काढा, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, पट्टी काढून पुन्हा सरळ दाबून बसवा, टक् आवाज येईपर्यंत. लॅपटॉप मात्र घरी उघडू नका.

वायरी बघा. पेटीतल्या चपट्या एसएसडीला दोन जोडण्या असतात, एक विजेची रुंद आणि एक माहितीची अरुंद. एक जरी सैल असली तरी डिस्क दिसत नाही.

वायरी पक्क्या असतील तर बटण दाबल्याबरोबर डिलीट किंवा एफ २ टिचकत राहा. एचपीच्या यंत्रात एफ १०. एक साधी यादी उघडते, तिला बायोस म्हणतात. तिथे एसएसडीचं नाव दिसलं तर डिस्क जोडलेली आहे, फक्त सुरू होण्याच्या क्रमात तिला पहिली करायची. नाव आहे, क्रमही पहिला आहे, तरी सुरू होत नाही? मग डिस्क कोरी असेल, किंवा लेगसी आणि यूईएफआय या दोन पद्धतींची गल्लत असेल. ती दुकानदाराकडून तपासून घ्या, पण हे शब्द त्याला सांगा.

वीज गेली की दर वेळी तारीख चुकते आणि क्रमही बिघडतो, असं होत असेल तर आतला बटणसेल संपलाय. बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. आपल्याकडे वीज जाते किती वेळा, तेव्हा जुन्या यंत्रात हा आधी बघा.

बिटलॉकर सुरू असलेल्या यंत्रात असा बदल केला की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती काम काढण्याआधी कागदावर उतरवून खजिनदार ताईंकडे ठेवा.

आणि जुनी डिस्क जोडल्यावर पडद्यावर "फॉरमॅट" किंवा "इनिशियलाइज" विचारलं, तर कोणी कितीही घाई केली तरी "कॅन्सल" दाबायचं. फॉरमॅट केलं तर मात्र हिशेब खरोखर हातचे जाऊ शकतात.

आमचे हिशेब आता पेनड्राइव्हवर आहेत, दर महिन्याच्या बैठकीनंतर नवी प्रत. जुनी डिस्क कोरड्या डब्यात, कपाटात. वर मावशींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "विचारल्याशिवाय हात लावू नये." रोख माझ्याकडेच आहे.