पिसवांचा बंदोबस्त : मांजर हाकलून प्रश्न सुटत नाही

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसते. तागा उलगडतो, भावाची बोलणी सुरू होतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक घोटा खाजवू लागते. सौदा तिथेच विस्कटतो. पनवेलच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पिसवांचा हा त्रास आम्हा व्यापाऱ्यांना नवीन नाही. गोदामात उंदीर आणि उंदरांसाठी मांजर, हा जुनाच हिशेब आहे. पिसवा झाल्या की सारा दोष मांजरावर येतो आणि त्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडले जाते. आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

पिसू मांजराच्या अंगावर राहते, पण तिची अंडी तिथे राहत नाहीत. एक मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते. ती गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत, बारदानाखालच्या धुळीत गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या धुळीतील कचरा आणि पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा खाऊन वाढतात व कोष करतात. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्या. खरा साठा जमिनीवर असतो. कोषातील पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिने थांबते आणि पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब मिळताच बाहेर पडते. म्हणूनच ईदच्या सुट्टीनंतर शटर उघडले की पिसवांची झुंड पायावर येते. मांजर नसेल तर त्या माणसालाच चावतात.

उंदीर आधी की पिसवा आधी?

इथे व्यापाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. उंदरावरील पिसू हा रोग माणसात आणते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. उंदीर मेला की त्याच्या पिसवा नवे रक्त शोधतात. बीड जिल्ह्यातील मामला गावात ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मेले, घरोघर पिसवा झाल्या आणि पुढच्या महिन्यात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले आणि कापडाची ती मोठी पेठ ठप्प झाली. मांजराची पिसू ही प्लेगची मुख्य वाहक नव्हे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु नियम तोच : आधी पिसवा माराव्यात, मग उंदरांचे औषध ठेवावे. एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावे.

काय करावे?

१. तागे फळीवर उचलून कोपरे, फटी व गादीखालची जागा रोज झाडावी किंवा यंत्राने ओढून घ्यावी. कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकावा. जुने बारदान साठवू नये.

२. गादीची खोळ, चादरी व मांजराचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

३. मांजराला पशुवैद्याकडून मानेवर टाकायचे थेंब आणावेत. मात्र कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठते. फिनाईल आणि रॉकेलही तसेच घातक. गोदामात रॉकेल म्हणजे आगीला आमंत्रणच. जुन्या मंडळींची गॅमेक्झिन पावडर विसरावी. तिच्यावर सरकारने बंदी घातली आहे.

४. फवारणी परवानाधारक माणसाकडून करावी. अळ्यांची वाढ रोखणारे औषध त्यात आहे का, हे विचारून घ्यावे. माल झाकावा, डाग पडू देऊ नयेत. कोषांवर औषध फारसे चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा फवारणी करावी. मधल्या काळात पिसवा दिसल्या तर पैसे वाया गेले असे समजू नये.

घरासाठीही हाच क्रम आहे. घरात लहान मुले असतील तर अधिक जपावे, कारण पिसू चुकून पोटात गेल्यास तिच्यातून जंत होऊ शकतात.

औषध लावलेले मांजर उलट उपयोगी पडते. नव्याने बाहेर पडणाऱ्या पिसवा त्याच्यावर चढतात आणि मरतात. इस्लाममध्ये मांजर नापाक मानलेले नाही. हजरत अबू हुरैरा यांची ओळखच मांजरावरून पडली आहे. मुक्या जनावराला पोत्यात कोंडणे आपल्याला शोभत नाही.

शेवटचे सांगणे पेठेतील बांधवांना. मांजर एका दुकानाचे नसते. ते सगळी गल्ली फिरते. एकाने फवारणी केली आणि शेजाऱ्याने केली नाही तर महिन्याभरात खर्च पाण्यात जातो. ओळीतील सर्व दुकानदारांनी एकच दिवस ठरवून, वर्गणी काढून हे काम करावे. वाट्याला येणारा खर्च कमी होईल आणि गिऱ्हाईक गादीवर निवांत बसेल, इन्शाअल्लाह.