सुई घेताना नंबर बघा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं घरात रिकामा डबा शोधू लागतात. त्यांना सूचिछिद्र कॅमेरा, म्हणजे पिनहोल कॅमेरा करायचा असतो. त्यासाठी विकतचं किट आणायची गरज नाही. लागणारं बरंचसं सामान आपल्या शिवणाच्या डब्यात असतं, फक्त ते पारखून घ्यावं लागतं.

या कॅमेऱ्याला भिंग नसतं, भिंगाचं काम एक भोक करतं. भोक मोठं झालं तर चित्र पुसट येतं. फारच बारीक केलं तर त्यातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच. १० सेंटीमीटर खोल डब्याला साधारण ०.४ मिलिमीटरचं भोक लागतं.

म्हणून आधी सुई. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. हातशिलाईच्या सुईचं उलट, नंबर वाढेल तशी ती बारीक. मशीनची १४ नंबरची सुई ०.९ मिलिमीटरची, म्हणजे दुपटीहून जाड! हातशिलाईची १० नंबरची घ्या. पाकिटावर नंबर नसेल तर दहा सारख्या सुया पट्टीवर एकीला एक चिकटवून ठेवा. सगळ्या मिळून ५ मिलिमीटरच्या आसपास भरल्या तर सुई कामाची. टोकाकडे ती आणखी निमुळती असते, त्यामुळे पुरती आरपार घालायची नाही.

भोक थेट डब्याला पाडू नका. जाड पत्र्यात भोकाचं बोगदं होतं आणि चित्राचे कोपरे काळे पडतात. डब्याला बोटभर खिडकी कापा आणि तिच्यावर थंड पेयाच्या कॅनचा पातळ पत्रा लावा. हा पत्रा जुन्या कात्रीने कापा, ब्लाउजच्या कात्रीने अजिबात नको, धार जाईल. कडा हात चिरतात, त्यांवर लगेच चिकटपट्टी लावा.

पत्रा जुन्या मासिकावर ठेवा. सुईचं नेढं खोडरबरात खुपसलं की धरायला मूठ होते. हळू दाबा, मागे नुसता फुगवटा आला की थांबा. तो बारीक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा सुई टेकवून फिरवा. उजेडासमोर धरल्यावर भोक गोल आणि बिनकुसळाचं दिसलं पाहिजे. याला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या.

डब्याचं झाकण पत्र्याचंच हवं, प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो. आतून फळ्याचा काळा रंग द्या, ऑइलपेंट चकाकतो. फटींना वायरमनची काळी टेप.

नुसतं चित्र बघायचं असेल तर भोकासमोरची बाजू कापून बटर पेपर लावा, झाडं उलटी दिसतील. फोटो काढायचा तर फोटोपेपर, लाल दिवा आणि रसायनं लागतात, ती मोठ्यांनीच हाताळावीत. कडक उन्हातही मिनिटभर भोक उघडं ठेवावं लागतं, तेवढा वेळ डबा हलू नये म्हणून वर वीट ठेवा.

आणि भोकातून सूर्याकडे कुणी बघायचं नाही. ग्रहण बघायचं तर सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडलेलं चित्रच बघायचं.