पवईचे कासव

मुलांनो, आंदर मावळात नाहीतर नाणे मावळात राहत असाल, तर पावसाळ्यात मोबाइलची रेंज कसा लपंडाव खेळते ते तुम्हांला ठाऊकच आहे. मग संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकायचे कसे? आणि तेही इंग्रजीतून!

घाटाखाली पवईला आयआयटी मुंबई आहे ना, तिथल्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये दहा-दहा मिनिटांचे फुकट धडे आहेत, बरेचसे मराठीतूनही. सी, जावा, पायथन... रेंज असेल तेव्हा उतरवून घ्यायचे. पण नुसते बघायचे नाही हं! थोडे ऐकायचे, थांबवायचे, स्वतः करायचे.

लहानांनी 'केटर्टल' घ्यावे. पडद्यावर एक कासव असते. 'फॉरवर्ड १००' लिहिले की ते पुढे सरकते, 'टर्नराइट ९०' लिहिले की उजवीकडे वळते. असे चार वेळा केले की झाला चौरस. समभुज त्रिकोणाला मात्र मुले हटकून ६० अंश लिहितात, नि कासव भलतीकडेच जाते! कारण त्याला आतला कोन नको असतो, आपण किती वळायचे ते हवे असते. १८० वजा ६०, म्हणजे १२०. वहीत न कळलेला बाह्यकोन इथे चटकन कळतो. ही युक्ती १९६७ सालच्या 'लोगो' भाषेतली.

पालकांनो, याला संगणक हवा, फोनवर भागत नाही. शाळेतली संगणकाची खोली आठवड्यातून तासभर तरी उघडते का, तेवढे विचारा.

आणि मुलांनो, पंचकोनाला किती अंश लागतील?