पावणेदोन मिनिटांची उतरण

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की गाव मागे पडते न पडते तोच राजूर घाट सुरू होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आमचे गाव. घाट उतरल्याशिवाय आम्हाला रेल्वे दिसत नाही. त्यामुळे उतार म्हणजे काय, हे बुलढाणेकराला कोणी सांगायला नको. तरीही बर्फावरच्या ‘डाऊनहिल’ शर्यतीचा नियम पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी चक्रावलो. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत आरंभाची जागा आणि शेवटची रेषा यांच्या उंचीत साधारण ८०० ते ११०० मीटरचा फरक असावा लागतो. बुलढाणा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसहाशे मीटर. म्हणजे आमच्या गावातून ही शर्यत सोडायची म्हटली, तर खेळाडूला थेट अरबी समुद्राच्या पाण्याखाली जावे लागेल! आणि हे सगळे पावणेदोन-दोन मिनिटांत.

बर्फाशी आमचा संबंध उन्हाळ्यातल्या गोळ्यापुरता. पण टीव्हीवर हा खेळ लागला की मी हातातले काम सोडून बसतो. स्कीइंगच्या इतर काही प्रकारांत दोन फेऱ्या असतात, दोन्हींची वेळ मिळवून निकाल लागतो. डाऊनहिलमध्ये एकच उतरण. पायाला दोन मीटरहून लांब स्की, अंगाला चिकटलेला पोशाख, ताशी १२०-१३० किलोमीटरचा वेग. वेंगनच्या उतारावर २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१ किलोमीटरच्या पुढे नोंदला गेला होता. वेळ मोजतात सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. ताशी १३० च्या वेगात तेवढ्या वेळात माणूस छत्तीस सेंटिमीटर पुढे जातो. फूटपट्टीहून थोडे जास्त. याच क्लारेने २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. स्वित्झर्लंडच्या बीट फॉइझने त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे टाकले.

बघणाऱ्याला वाटते, हा निव्वळ बेफामपणा आहे. तसे नाही. शर्यतीआधीच्या दिवसांत सरावाच्या उतरणी होतात. शर्यतीच्या सकाळी खेळाडू कडेकडेने, सावकाश घसरत मार्ग पाहून घेतात. मग वर आपली पाळी येईपर्यंत डोळे मिटून उभे राहतात आणि हाताचा पंजा हवेत डावीकडे-उजवीकडे फिरवत सारा उतार मनात उतरून जातात. आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. आयुष्यभर त्यांनी हा घाट चढ-उतार केला. एकदा ते सहज येऊन बसले होते. पडद्यावरचा तो डोळे मिटलेला खेळाडू पाहून म्हणाले, “याला रस्ता पाठ हाये.” त्यापलीकडे त्यांना त्या खेळात काही नवल वाटले नाही!

आपल्या देशाचे नाव या शर्यतीत १९६४ सालीच लागले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. जेरेमी बुजाकोव्स्की हा मूळचा पोलिश. त्या साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो भारताकडून डाऊनहिलला उतरला. हिवाळी ऑलिम्पिकमधला तो पहिला भारतीय. त्याची उतरण पूर्ण झाली नाही. पण चार वर्षांनी ग्रेनोबलला तो पुन्हा हजर होता. त्या वर्षी इन्सब्रुकला बर्फच कमी पडला होता. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरातून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला. आणि स्पर्धा सुरू होण्याआधीच त्याच डाऊनहिलच्या उतारावर सराव करताना रॉस मिल्न हा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन मुलगा झाडावर आदळून मरण पावला.

आज मार्गाच्या कडेला जाळ्या असतात. पोशाखाच्या आत, पडताक्षणी फुगणारी हवेची पिशवी २०२४-२५ च्या हंगामापासून सक्तीची झाली. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये चिलीत सराव करताना मात्तेओ फ्रान्झोसो हा पंचविशीतला इटालियन खेळाडू पडला आणि त्यातच गेला. ती बातमी मी मोठ्याने वाचली. सौ. गहू निवडत बसली होती. “त्याच्या आईनं त्याला पाठवलंच कसं?” एवढेच तिने विचारले. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

पण पाठवणारी माणसे असतात. फ्रानियो फॉन आल्मेन या स्विस तरुणाची हकिगत तिला मी नंतर सांगितली. बोल्टिगेन या डोंगरातल्या छोट्या गावचा मुलगा. सतरा वर्षांचा असताना वडील वारले. या खेळाचा खर्च राजेशाही: स्की, प्रवास, प्रशिक्षण. घरचा आधार गेल्यावर पुढच्या हंगामाचे पैसे उभे राहिले ते लोकवर्गणीतून. त्याने सुतारकाम शिकून घेतले, ते वेगळेच. हाच मुलगा फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या सालबाख येथे डाऊनहिलचा जगज्जेता झाला, तोही पाव सेकंदाच्या आत-बाहेरच्या फरकाने. ज्यांनी त्याच्यासाठी थोडेथोडे पैसे टाकले होते, ती माणसे त्या दिवशी टीव्हीसमोर कशी बसली असतील, याचीच मला जास्त उत्सुकता वाटते.

हे सगळे आमच्या घरात एवढे बोलले जाण्याचे कारण आमचा आठवीतला नातू. त्याला स्की नको आहेत. धनुष्य हवे आहे. त्याचे वेड कुठून आले हे जिल्ह्यात कोणीही सांगेल. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माईक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे हरवून सुवर्णपदक घेतले. पन्नास मीटरवरचे लक्ष्य, पंधरा बाण, आणि त्यांतला एकच गुण गेलेला. पुढे त्याच वर्षी आशियाई खेळांत त्याने अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्याबरोबर सांघिक सुवर्णही मिळवले. तिकडे फूटभर अंतराने जग इकडचे तिकडे होते, इथे केसभर.

मात्र ते कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य आणि त्याचे बाण यांची किंमत ऐकून माझा मुलगा दोन दिवस गप्प होता. त्यात नववी जवळ आलेली, शिकवणीची वेळ आणि सरावाची वेळ एकच. सूनबाई म्हणते, दहावी होऊ द्या. नातू म्हणतो, तोवर उशीर होईल. दोघांचेही खरे आहे. सध्या तडजोड अशी झाली आहे, की साधे बांबूचे धनुष्य घ्यायचे, पहाटे सराव करायचा आणि शिकवणी संध्याकाळी हलवायची. मैदानावर त्याला सोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. थंडीत स्वेटरची बटणे लावून मी साडेपाचला फाटकाशी उभा राहतो, तेव्हा सौ. आतून चहा घेऊन येते आणि धनुष्याची दोरी नीट बांधली आहे का, ते स्वतः ओढून पाहते.