‘सद्गती’तील दोर : स्मरणीय चित्रपटप्रसंगाच्या रसग्रहणाचा प्रश्न

चित्रपटरसिकाच्या स्मरणात अखंड चित्रपट क्वचितच राहतो. राहतात ते त्यातील काही प्रसंग. कथानकाचे दुवे पुसट होतात, पात्रांची नावेही विसरली जातात. मात्र एखादी हालचाल, एखादी वस्तू मनात टिकून राहते. रसग्रहणपर लेखनाचा आरंभ बहुधा अशाच प्रसंगापासून होतो. परंतु प्रसंगाची स्मरणीयता ही दृश्यरचनेची देणगी असते, मूळ साहित्यकृतीची असते की प्रेक्षकाच्या पूर्वस्मृतीची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तौलनिक साहित्याभ्यासाला तो टाळता येणार नाही. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’ (१९८१) या लघुचित्रपटाचा शेवट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या चित्रपटाचे चित्रीकरण छत्तीसगढमध्ये, रायपूर-महासमुंद परिसरात झाले. रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान मुंबई-हावडा लोहमार्गावर भिलाई-३ ही वसाहत आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईच्या परिसरात अनेक भाषांची माणसे येऊन वसली. त्यांत मराठी भाषकही होते. अशा ठिकाणचा मराठी प्रेक्षक ‘सद्गती’ पाहतो तेव्हा त्याच्यापाशी मराठी रंगभूमीची आणि छत्तीसगढी लोकजीवनाची अशी दुहेरी स्मृती असू शकते. प्रस्तुत विवेचनात या शक्यतेला विशेष महत्त्व आहे.

प्रथम संहिता. मुलीच्या सोयरिकीसाठी मुहूर्त काढून घ्यावा म्हणून चर्मकार दुखी पंडित घासीरामकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी राबवतो आणि अखेरीस लाकडाचा एक चिवट ओंडका फोडण्यास सांगतो. ते काम करतानाच दुखी मरतो. प्रेताला स्पर्श करण्यास ब्राह्मण तयार नाहीत. पोलिस-चौकशीच्या भयाने दुखीचे जातबांधवही येत नाहीत. शेवटी पहाटेच्या धूसर उजेडात पंडित प्रेताच्या पायात दोराचा फास अडकवतो आणि ते गावाबाहेर ओढत नेतो. कथेत हे सारे मोजक्या वाक्यांत उरकते. त्यानंतर पंडित स्नान करतो, पाठ म्हणतो, घरात गंगाजल शिंपडतो. आणि दुखीच्या जन्मभराच्या निष्ठेला मिळालेल्या फळावर निवेदक उपरोधाने भाष्य करतो. म्हणजे कथेत अंतिम निवाडा निवेदकाचा आहे.

चित्रपटात निवेदक नाही. त्यामुळे निवाड्याचा भार दृश्याच्या कालावधीवर येऊन पडतो. कथेत एका वाक्यात संपणारी क्रिया पडद्यावर वेळ घेते : हात न लागू देता फास अडकवणे, दोर ताणणे, चिखलमातीतून ओझे ओढणे. दिवसभर दुसऱ्याच्या कष्टांवर विसंबलेला माणूस येथे प्रथमच स्वतः कष्ट करताना दिसतो. दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. कथेतील गंगाजल पंडिताच्या घरात शिंपडले जाते. चित्रपटात ते प्रेत पडलेल्या जागेवर शिंपडले जाते. पहिल्या कृतीत स्वतःची शुद्धी आहे, दुसरीत घडल्या गोष्टीची खूण पुसणे आहे. दोर स्मरणात राहतो तो या पुसण्याच्या सान्निध्यामुळे. लगतच्या कृतीपासून तोडून केवळ दोराचे वर्णन केले, तर प्रसंगाचा अर्थ निम्मा होतो.

आता प्रेक्षकाची पूर्वस्मृती. पंडिताची भूमिका मोहन आगाशे यांची आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) त्यांनी नाना फडणवीस साकारला होता. तेव्हा ‘घासीराम’ हे नाव मराठी प्रेक्षकाच्या कानी पडताच सत्ता, ब्राह्मण्य आणि बळी यांचे एक जुने नाट्य जागे होणे स्वाभाविक आहे. छत्तीसगढी प्रेक्षकाला हेच नाव निराळीकडे नेऊ शकते. जातिभेद नाकारणाऱ्या सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास याच भूमीतले, आणि त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने चर्मकार समाजातून आलेले. पंडिताच्या नावात गुरूच्या नावाचा अंश ऐकू येणे हा त्या प्रेक्षकासाठी तीव्र उपरोध ठरतो. यांपैकी कोणताही अर्थ प्रेमचंदांना अभिप्रेत असण्याचे कारण नाही. दोन्ही अर्थ ग्रहणाच्या पातळीवर निर्माण होतात. दुखीला सावध करणारा गोंड साकारणारे भैयालाल हेडाऊ यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी दुर्गजवळच्या बघेरा येथे १९७१ साली उभ्या केलेल्या ‘चंदैनी गोंदा’ या लोकमंचाशी हेडाऊ निगडित होते. त्यांचा आवाज ओळखणाऱ्याला गोंडाचा इशारा घरच्या माणसाचा वाटतो.

येथे रसग्रहणापुढे एक नैतिक अडचण उभी राहते. विटंबनेचे दृश्य ‘सुंदर’ म्हणून संग्रही ठेवणे कितपत योग्य? आनंद हे साहित्याचे प्रयोजन मानणाऱ्या दृष्टीला शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आव्हान दिले आहे. त्या आव्हानाचा चित्रपटीय प्रत्यय नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) येतो. तेथे पकडलेले डुक्कर बांबूला बांधून, आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून नेले जाते. ‘सद्गती’तील दोर अस्पर्शाचे अंतर राखतो, ‘फँड्री’तील बांबू खांद्यावर लादलेल्या कामाचा भार वाहतो. राय यांचा प्रेक्षक न दिसणारा साक्षीदार राहतो. मंजुळे यांनी शेवटचा दगड थेट पडद्याबाहेर भिरकावला आहे; साक्षीदाराची सुरक्षित जागा त्यांनी शिल्लक ठेवलेली नाही.

सारांश, स्मरणीय प्रसंग ही चित्रपटातून उचलून घेता येणारी स्वयंपूर्ण वस्तू नव्हे. संहितेने सुचवलेले, दृश्याने ताणलेले आणि प्रेक्षकाच्या भाषिक-सामाजिक स्मृतीने पूर्ण केलेले असे त्याचे स्वरूप असते. त्याचे रसग्रहण करणाऱ्याने प्रसंग कसा दिसला हे सांगावेच. त्याबरोबर तो कोठून पाहिला गेला आणि पाहणाऱ्याच्या हाताला काय लागले नाही, याचीही नोंद करावी. अन्यथा गंगाजल शिंपडून जागा पुसणाऱ्या पंडिताच्या कृतीशी रसिकाच्या स्मरणाचे नाते नकळत जुळू शकते.