शेवटच्या पाच मिनिटांचा लौकिक

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांपैकी सर्वोत्कृष्ट भाग कोणते, हा प्रश्न आता वादाचा राहिलेलाच नाही, अशा थाटात काही ठरावीक नावे वर्षानुवर्षे पुढे केली जातात. जुन्या इनामाच्या सनदेप्रमाणे ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात आणि त्या सनदेची मूळ कागदांशी रुजवात घेण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरून ‘स्टार ट्रेक’ची ओळख झाली तेव्हापासून या मालिकांवर माझा जीव जडलेला आहे, आणि त्यांतील नावाजलेले भाग मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. ते टाकाऊ आहेत असे मला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या कारणास्तव त्यांना श्रेष्ठ म्हटले जाते ते कारण मला मान्य नाही, आणि कारणच अमान्य झाल्यावर त्यावर उभारलेली श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंडही मान्य करता येत नाही.

लोकमत भागाचे मोल ठरवते ते बहुधा त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांवरून. अखेरीस धक्का बसला किंवा डोळे पाणावले, की निवाडा झाला! वास्तविक विज्ञानकथेचा धर्म असा, की एक गृहीतक मांडावे, ते प्रामाणिकपणे तडीस न्यावे आणि त्याने माणसाचे काय झाले हे, धक्का ओसरून गेल्यानंतरच्या दिवशी, दाखवावे. मराठी वाचकाला ही कसोटी परकी वाटू नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. तेव्हापासून विज्ञान हे कथेचा अलंकार नसून तिचे कारण असले पाहिजे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, आणि तो आपल्याकडे दिवाळी अंकांच्या पानांतूनही घरोघरी पोहोचला.

प्रथम ‘द ट्वायलाइट झोन’मधील ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’ या भागाचा विचार करू. लिन व्हेनेबल यांच्या १९५३ सालच्या कथेवरून रॉड सर्लिंग यांनी लिहिलेला हा भाग २० नोव्हेंबर १९५९ रोजी दाखवला गेला. बँकेत खिडकीवर बसणारा हेन्री बेमिस हा पुस्तकवेडा कारकून. साहेब त्याला वाचू देत नाही, बायको त्याच्या कवितासंग्रहातील ओळी काट मारून खोडून ठेवते. जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या तळघरातील तिजोरीघरात तो वाचत बसलेला असताना वर अणुबाँब पडतो आणि जगात तो एकटा उरतो. आत्महत्येच्या काठावर असताना त्याला ग्रंथालयाचे भग्नावशेष दिसतात. महिन्यामहिन्यांच्या वाचनाची तो हर्षभराने रास लावतो, आणि त्याच क्षणी त्याचा चष्मा खाली पडून फुटतो. बर्जेस मेरेडिथ यांनी बेमिस इतका जिवंत केला आहे, की फुटलेल्या काचा चाचपडणारे ते हात विसरता येत नाहीत. पण हा शेवट थोर कसा? ज्याने कोणाचे वाईट चिंतिले नाही अशा माणसाला दैव शिक्षा करते, आणि तिला आपण मार्मिक म्हणतो. शिवाय बाँबने एक अख्खे शहर भस्मसात झालेले असताना प्रेक्षकाचा सारा कळवळा एका चष्म्यापाशी गोळा होतो. १९५९ साली, अणुयुद्धाची धास्ती घराघरांत असताना, मेलेल्या शहराकडे कथेने ओझरतेही पाहू नये, हे मला आजही खटकते. याच्या तीनच आठवडे आधी, ३० ऑक्टोबरला, सर्लिंग यांचाच ‘वॉकिंग डिस्टन्स’ हा भाग दाखवला गेला होता. त्यात कामाने शिणलेला एक मध्यमवयीन गृहस्थ चालत चालत आपल्या बालपणीच्या गावात, खरोखरीच्या बालपणात, जाऊन पोहोचतो. आणि त्याचा बाप त्याला ओळखून, चिडून नव्हे तर समजुतीने, परत पाठवतो. तो परततो तेव्हा त्याचा पाय लंगडत असतो. भूतकाळाला हात लावल्याची ती खूण त्याच्या शरीरावर राहते. चष्म्याची गोष्ट सर्वतोमुखी झाली, या लंगडणाऱ्या पायाची तितकी झाली नाही.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील, स्टीव्हन मोफॅट यांनी लिहिलेल्या आणि ९ जून २००७ रोजी दाखवल्या गेलेल्या ‘ब्लिंक’ या भागाविषयीही माझे असेच म्हणणे आहे. पापणी लवताच जवळ सरकणारे दगडी देवदूत प्रत्येकाच्या लक्षात आहेत; पण ते देवदूत माणसाला मारतात कसे, याकडे लोकांचे लक्ष कमी. ते त्याला भूतकाळात फेकून देतात आणि तिथे त्याला आपले आयुष्य निमूटपणे जगू देतात. बिली शिप्टन हा तरुण पोलीस अधिकारी नायिकेशी बोलून वळतो आणि १९६९ सालात जाऊन पडतो. काही घटकांनी ती त्याला भेटते तेव्हा तो इस्पितळातील खाटेवर मरणोन्मुख म्हातारा झालेला असतो, आणि बाहेर पडत असतो तो त्याच दिवशीचा पाऊस. हा प्रसंग काही मिनिटांचा आहे. माझ्या मते भागाचा प्राण तिथे आहे, पुतळे ही केवळ त्याच्या दाराशी उभी केलेली भीती.

हेच परिमाण ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ला लावले तर लोकमान्य निर्णय पुरताच उलटतो. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पूर्वार्ध १८ जून १९९० रोजी आणि उत्तरार्ध २४ सप्टेंबरला दाखवला गेला. त्यात यंत्र आणि मांस यांची सरमिसळ झालेले बोर्ग कप्तान पिकार्डला पळवून नेतात, त्याला आपल्यातला एक करतात, आणि वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळ त्याच्याच ज्ञानाच्या जोरावर एकोणचाळीस याने नष्ट करतात. पूर्वार्ध संपल्यावर तीन महिने प्रेक्षक ताटकळत राहिले, आणि त्या ताटकळण्यालाच पुढे कलाकृतीचे थोरपण समजले गेले. पण उत्तरार्धात ती गाठ सुटते कशी, तर शत्रूला झोपी जाण्याचा हुकूम देऊन! एवढे अजिंक्य संकट एका आज्ञेने निद्रिस्त होते, ही मला लेखकाने स्वतःची करून घेतलेली सुटका वाटते. खरी कथा सुरू होते त्यापुढच्या आठवड्यात, १ ऑक्टोबर १९९० रोजी, रॉनल्ड मूर यांच्या ‘फॅमिली’ या भागात. या भागात युद्ध नाही, परग्रह नाही, इतकेच काय, यानाच्या सुकाणूकक्षाचे एकही दृश्य नाही. पिकार्ड फ्रान्समधील ला बार या आपल्या गावी, भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. थोरला भाऊ रॉबेर यंत्रांना विटलेला, मनात जुनी अढी बाळगून असलेला. दोघे शब्दाला शब्द वाढवीत अखेर चिखलात लोळत मारामारी करतात, हसू लागतात, आणि हसता हसता तो कप्तान, ज्याच्या हातून हजारो माणसे मारवली गेली तो, लहान मुलासारखा रडू लागतो. आपण त्यांना थांबवू शकलो नाही, एवढेच त्याला पुनःपुन्हा म्हणता येते. एखाद्या माणसाचा देह आणि बुद्धी परक्याने वापरून घेतली तर नंतर त्याचे काय होते, हा प्रश्न दूरचित्रवाणीने तोवर इतक्या गांभीर्याने क्वचितच विचारला असेल. संकटाच्या दोन भागांची गणना सर्वोत्तमांत होते, आणि त्या संकटाचा अर्थ सांगणारा तिसरा भाग त्यांची पुरवणी समजला जातो, हा क्रमच मला चुकीचा वाटतो.

‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा १९८९ चा भाग मी याच कारणाने मानतो. डेटा हा यंत्रमानव मालमत्ता की व्यक्ती, या खटल्यातील पिकार्डचे वक्तृत्व सर्वांना पाठ आहे. मला मात्र निकालानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. नाइलाजाने विरुद्ध बाजूची वकिली करावी लागलेला, पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर समारंभात न येता एकटा बसलेला असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो बोलला तो डेटाच त्याच्याकडे येऊन त्याचे ओझे उतरवतो.

आता ‘द इनर लाइट’. १ जून १९९२ रोजी दाखवला गेलेला आणि पुढील वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळालेला हा भाग अनेकांच्या लेखी मालिकेचा मुकुटमणी आहे, आणि त्याविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तो पाहताना मीही गहिवरलो आहे. एका अनोळखी शोधयानाच्या किरणाने पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि अर्ध्या तासाच्या आत कातान नावाच्या ग्रहावर कामिन म्हणून उभे आयुष्य जगून येतो. तिथे त्याची पत्नी एलीन आहे, मुलगी आहे, मुलगा आहे, बासरी आहे. तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच, त्याचा सूर्य फुटल्याने, नाहीसा झालेला असतो, आणि ते यान म्हणजे तिथल्या लोकांनी आपली आठवण राहावी म्हणून अवकाशात सोडलेले पत्र. कल्पना उदात्त आहे, यात शंका नाही.

परंतु आठवण राहते कोणाची? भाग संपल्यावर मनात उरतो तो पिकार्ड आणि त्याच्या हातातील बासरी. कातानचे कायदे, त्यांची भांडणे, त्यांची गाणी बांधणारे लोक, यांपैकी काहीच हाती लागत नाही. एलीनला नवऱ्याची वाट पाहण्यापलीकडे स्वतःचे असे मन दिलेले नाही. या भागातील मला सर्वांत खरा वाटलेला धागा वेगळाच आहे, आणि त्याचे कौतुक मी क्वचितच ऐकले आहे. कामिन वर्षानुवर्षे जमिनीची आणि हवामानाची नोंद ठेवतो, त्याची मुलगी मेरिबोर तेच काम पुढे नेते, आणि पाऊस परत येणार नाही हे दोघांनाही उमगते. तो ते अधिकाऱ्यापाशी मांडतो तेव्हा कळते, की सरकारला हे केव्हाच ठाऊक आहे, फक्त रयतेला सांगावयाचे नाही असे ठरले आहे. आणेवारीच्या कागदावर दुष्काळ ठरताना आणि न ठरताना ज्यांनी पाहिला आहे, त्या आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या काळजाला हा प्रसंग बासरीहून अधिक भिडावयास हवा. शिवाय एका माणसावर, त्याला न विचारता, दुसरे अख्खे आयुष्य लादले गेले, पत्नी गेली, मुले गेली, नातवंडे गेली, आणि दोनच आठवड्यांनी, १५ जूनच्या भागात, तोच पिकार्ड नेहमीच्या ठामपणे नेहमीची मोहीम चालवताना दिसतो! पुढे १९९३ मधील ‘लेसन्स’ या भागात ती बासरी पुन्हा निघते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. ‘फॅमिली’ने जे केले ते इथे झाले असते, तर माझी काहीच तक्रार नसती.

शेवटी सर्वांत मोठ्या नावाकडे येतो. मूळ ‘स्टार ट्रेक’मधील ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवला गेला आणि १९६८ चा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला. भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय काळाच्या द्वारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये, महामंदीच्या दिवसांत, शिरतो आणि इतिहास बदलून टाकतो. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक त्याच्या मागे जातात. तिथे गरिबांसाठी अन्नछत्र चालवणारी एडिथ कीलर त्यांना भेटते. कर्क तिच्यावर प्रेम करू लागतो, आणि मग कळते, की ती अपघातात मरणे आवश्यक आहे, कारण ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबाँब आधी जर्मनीच्या हाती लागेल. मोटार येते, मॅकॉय धावतो, कर्क त्याला धरून ठेवतो.

या क्षणाची वेदना मी नाकारत नाही. पण ज्या वर्षी व्हिएतनाममध्ये सैन्य लढत होते आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर शांततेसाठी मोर्चे निघत होते, त्या वर्षी शांततेचे काम करणाऱ्या बाईचे मरण ही चांगल्या इतिहासाची अट म्हणून मांडली गेली, आणि तीही एका यंत्रात उमटलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणांच्या आधारे, उलटतपासणीशिवाय! हार्लन एलिसन यांची मूळ संहिता वेगळी होती. पडद्यावर येईपर्यंत इतरांनी ती पुष्कळ बदलली, आणि लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला तो त्या मूळ संहितेलाच. तिच्यात निर्णायक घटकेला एडिथला मरू देण्याचे कृत्य कर्कच्या हातून होत नाही. मध्ये पडावे लागते ते स्पॉकला. प्रेमापुढे कर्तव्य हरले, असा कप्तान मालिकेला परवडला नसावा. मला तोच अधिक मोठा वाटतो.

मूळ संहितेत आणखी एक पात्र होते. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला, रस्त्यावर बसणारा एक माजी सैनिक. तो या परक्यांना मदत करताना मारला जातो, आणि इतिहासाच्या हिशेबात ज्याची नोंदच नाही अशा माणसाचा विचार कर्कच्या मनात येतो. पडद्यावरच्या भागातून तो सैनिक गेला. पण त्याच्या जागी, नकळत, दुसरा एक उरला आहे. मॅकॉय न्यूयॉर्कमध्ये प्रथम उतरतो तेव्हा अंधारात त्याला एक भणंग माणूस भेटतो, हातात दुधाची बाटली घेतलेला. मॅकॉय कोसळल्यावर हा भुकेला माणूस त्याचे खिसे चाचपतो, त्याचे शस्त्र हाती घेतो, चुकीची कळ दाबतो आणि क्षणात नाहीसा होतो. श्रेयनामावलीत त्याला नाव नाही. ‘रोडंट’, म्हणजे उंदराच्या जातीचा प्राणी, एवढेच म्हटले आहे. एका बाईच्या जगण्याने साऱ्या जगाचा इतिहास बदलतो असे ज्या कथेत ठासून सांगितले जाते, त्याच कथेत भविष्यातून आलेल्या शस्त्राने एक माणूस मरतो आणि काहीही बदलत नाही. स्पॉक त्याचे गणित मांडत नाही, कर्कला तो ठाऊकही नसतो. शेवटी काळाच्या द्वारातून सारे परत येतात, आणि सर्व काही पूर्ववत झाले, असे ते बोलणारे द्वारच त्यांना सांगते. न्यूयॉर्कच्या त्या काळोखात मात्र त्या माणसाची जागा रिकामीच असते.