खबर, बातमी आणि अफवा

मुलांनो, 'खबर' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. उर्दूत तो तुम्ही रोज वापरता. मराठीत खबर म्हणजे बातमी. पण 'खबर' हा शब्द मराठीलाही परका नाही. 'खबरदार', 'बेखबर', 'खबर लागणे' असे मराठी माणूस सहज बोलतो. खबर हा मूळचा अरबी शब्द. त्याचे अनेकवचन 'अखबार'. ज्यात पुष्कळ खबरी असतात, तो अखबार! मराठीत त्याला आपण वर्तमानपत्र म्हणतो. जुन्या मराठीत इतिहास सांगणाऱ्या लेखनाला 'बखर' म्हणत. 'खबर' या शब्दातील अक्षरे मागेपुढे होऊन 'बखर' शब्द तयार झाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

पूर्वी खेड्यात बातमी कशी पोहोचत असे? गावचा कोतवाल दवंडी देई. तो चौकात उभा राही, वाद्य वाजवी आणि "ऐका हो ऐका" म्हणून मोठ्याने सरकारी हुकूम सांगे. पुढे छापखाने आले. १८२२ साली कोलकात्यात 'जाम-ए-जहाँनुमा' हे पहिले उर्दू वर्तमानपत्र सुरू झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' हे पहिले मराठी वर्तमानपत्र काढले. दर्पण म्हणजे आरसा. जे जसे असेल तसे आरसा दाखवतो. म्हणूनच हे नाव किती योग्य आहे, पाहा! महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस 'पत्रकार दिन' म्हणून पाळतात.

दवंडी आणि वर्तमानपत्र यांत एक गोष्ट सारखी आहे. बातमी कोणी दिली, हे दोन्हींत कळते. कोतवालाला सारे गाव ओळखत असे. वर्तमानपत्राच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापलेली असतात. तुमच्या घरी वर्तमानपत्र येत असेल, तर आजच ती नावे शोधून वाचा. बातमी चुकली, तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यावरून समजते.

पण सगळ्याच गोष्टी अशा नाव सांगून येत नाहीत. काही गोष्टी नुसत्या तोंडोतोंडी पसरतात. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे बोल परभणी जिल्ह्यात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहेत. आता जर्मनी कोठे आणि परभणी कोठे! हे बोल प्रथम कोणी उच्चारले, याबद्दल निरनिराळ्या गोष्टी सांगतात. एकाची गोष्ट दुसऱ्याशी जुळत नाही. तरीही हे बोल टिकले. ते ऐकायला गोड आहेत, त्यांत यमक आहे आणि आपल्या गावाचा अभिमानही आहे. अशा बोलण्याने कोणाचे नुकसान होत नाही. उलट ऐकणाऱ्याची करमणूक होते.

परभणीची दुसरी एक गोष्ट पाहा. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले. या विद्यापीठात भेंडीची एक जात तयार झाली. तिचे नाव 'परभणी क्रांती'. भेंडीवर केवडा नावाचा रोग पडतो. त्याने पाने पिवळी पडतात आणि पीक हातचे जाते. ही नवी जात या रोगाला सहज बळी पडत नाही, ही बातमी दूरदूर गेली. परभणीचे नाव परप्रांतातील शेतकऱ्यांनाही माहीत झाले. ही बातमी खरी की खोटी, हे शेतकऱ्याला आपल्याच शेतात बी पेरून पाहता येत होते. ज्या बातमीची परीक्षा घेता येते, ती बातमी भरवशाची.

आता तिसरा शब्द पाहू. तो म्हणजे 'अफवा'. हा शब्दही अरबीतून आला आहे. अरबीत 'अफवाह' म्हणजे 'अनेक तोंडे'! एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, पण जिचा धनी कोणीच नसतो, ती अफवा. कोतवालाला नाव असते, संपादकाला नाव असते. अफवेला मात्र नाव नसते.

पूर्वी अफवा पायी चालत असे. आता ती मोबाइलवरून क्षणात शेकडो गावांत पोहोचते. २०१८ साली महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एक अफवा पसरली. "मुले पळवणारी टोळी आली आहे," असे संदेश लोक एकमेकांना पाठवू लागले. संदेश कोणी लिहिला, मूल कोणाचे, गाव कोणते, हे कोणीच विचारले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे पाच परगावचे लोक तेथे आले होते. जमावाला त्यांचा संशय आला. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. ते निरपराध होते.

मुलांनो, त्या दिवशी गर्दीतील प्रत्येकाने फक्त ऐकले होते. पाहिले कोणीच नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. पण खरी मर्यादा आपल्या बोटाला आणि आपल्या जिभेला हवी.

म्हणून कोणतीही गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी थोडे थांबा. हे कोणी सांगितले? कोठे घडले? केव्हा घडले? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट तुमच्यापाशीच थांबू द्या. अफवा हजार तोंडांनी पसरते, पण तुमच्या तोंडातून ती जाणार की नाही, हे तुमच्याच हाती आहे.

शब्दार्थ
दवंडी – मुनादी
जाब विचारणे – जवाब तलब करणे
करमणूक – दिलबहलाव
निरपराध – बेकसूर
मर्यादा – हद

प्रश्न
१. 'दर्पण' हे नाव योग्य का आहे?
२. दवंडी आणि वर्तमानपत्र यांत कोणती गोष्ट सारखी आहे?
३. बातमी आणि अफवा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.